हॉटेलात एचडी टीव्ही लावायचाय? कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा

चहा-नाश्त्याच्या हॉटेलच्या पहिल्या तीन महिन्यांच्या खर्चावर आपण व्हिडिओ केला, त्यात टीव्हीचा विषय दोन वाक्यांत येऊन गेला होता. पण प्रश्न सगळ्यात जास्त त्यावरच आले. मांजरसुंब्याच्या घाटाजवळ धाबा टाकणारे विचारतात, गेवराईत सलून काढणारे विचारतात, परळीत लॉज चालवणारे विचारतात: "सर, टाटा प्ले घेऊ की एअरटेल? एचडी चांगलं कुणाचं? रेकॉर्डिंग कुणात होतं?"

माझं उत्तर थोडं उलट्या बाजूनं सुरू होतं. या धंद्यात आज मोठी नावं मोजकीच आहेत: टाटा प्ले (२०२२ पर्यंत हिचंच नाव टाटा स्काय होतं), एअरटेल डिजिटल टीव्ही, डिश टीव्ही आणि तिच्यातच विलीन झालेली डी-टू-एच, दक्षिणेकडे जोर असलेली सन डायरेक्ट, आणि सरकारची डीडी फ्री डिश. पैसे घेणाऱ्या कंपन्यांचं एचडी चित्र आपल्या ४३ इंची टीव्हीवर शेजारी शेजारी लावलं तर गिऱ्हाइकाला फरक कळणार नाही. फरक पडतो तो तुमच्या जागेमुळं, तुमच्या धंद्यामुळं आणि करारावर काय लिहिलंय त्यामुळं.

आधी करार बघा, मग ऑफर

घरात बसून बघायची जोडणी वेगळी आणि दुकान-हॉटेलातली वेगळी. ट्रायच्या नियमांत "व्यावसायिक ग्राहक" अशी स्वतंत्र व्याख्याच आहे: जो आपल्या जागेवर सिग्नल घेतो आणि तो आपल्या गिऱ्हाइकांच्या, सभासदांच्या किंवा त्या जागेत येणाऱ्या लोकांच्या फायद्यासाठी वापरतो, तो व्यावसायिक ग्राहक. धाबा, लॉज, सलून, दवाखान्याची वेटिंग रूम, व्यायामशाळा, हे सगळे त्यात बसतात.

आपल्याकडं सर्रास काय होतं? घरच्या नावावर जोडणी घ्यायची आणि डबा हॉटेलात आणून लावायचा. "कोण बघतंय?" हा युक्तिवाद. बघणारे असतात. वाहिन्यांची माणसं फिरतात, फोटो काढतात, नोटीस येते. आणि नोटीस नेमकी मॅचच्या सीझनमध्ये येते, कारण तपासायला तेव्हाच माणसं पाठवतात. ज्याचं एकूण भांडवल दीड-दोन लाख, त्याला वकिलाचा एक हेलपाटासुद्धा परवडत नाही. म्हणून कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारा: "धंद्याच्या जागेसाठी पॅक कोणता आणि पावतीवर तसं लिहून मिळेल का?" जो डीलर म्हणतो "घरगुतीच घ्या हो, काही होत नाही", त्याचं कमिशन त्या दिवशीच जमा होतं. नोटीस मात्र तुमच्या पत्त्यावर येते.

मोठा पडदा लावून, तिकीट किंवा एंट्री घेऊन मॅच दाखवायची असेल तर ती गोष्ट आणखी वेगळी. साधा व्यावसायिक पॅक तिथं पुरत नाही. प्रक्षेपणाचे हक्क ज्या वाहिनीकडं आहेत तिची लेखी परवानगी लागते.

आता गच्चीवर चढा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि डीलर तो कधीच सांगत नाही. छत्री आकाशात एका ठरावीक जागेकडं बघत असते. प्रत्येक कंपनीचा उपग्रह विषुववृत्तावर वेगळ्या ठिकाणी आहे. बीड साधारण ७५.७५ अंश पूर्व रेखांशावर आहे. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशावर, डी-टू-एचचा ८८ वर, फ्री डिशचा ९३.५ वर, डिश टीव्हीचा ९५ वर, आणि एअरटेलचा पार १०८ वर. सगळे आपल्यापासून पूर्वेला, पण कुणी कमी, कुणी जास्त.

याचा धंद्याशी काय संबंध? हिशोब करून बघा. बीडमधून टाटा प्लेचा उपग्रह जमिनीपासून सुमारे ६६ अंश वर दिसतो, दिशा दक्षिणेकडून थोडी पूर्वेला. डी-टू-एचचा ६४ अंश. फ्री डिश आणि डिश टीव्ही ६० च्या आसपास, दिशा बरोबर आग्नेय. एअरटेलचा मात्र ४७ अंशांवर, आग्नेयेपेक्षाही पूर्वेकडं सरकलेला. समजा तुमच्या छत्रीसमोर, त्या त्या दिशेला, छत्रीपेक्षा २० फूट उंच कडुनिंब आहे. टाटा प्लेच्या छत्रीला तो ९ फुटांवर असला तरी चालतो. एअरटेलच्या छत्रीला तोच कडुनिंब १९ फुटांच्या पुढं पाहिजे. बाजारपेठेत दोन बाजूंनी तीन-तीन मजले उभे असतील तर हाच फरक "सिग्नल येतो" आणि "सिग्नल येत नाही" एवढा मोठा होतो. उलट हायवेवर मोकळ्या माळावर धाबा असेल तर चारही कंपन्या सारख्याच. तिथं या हिशोबाची गरज नाही.

(जाता जाता: छत्री बघून तिची दिशा ओळखायला जाऊ नका. या छत्र्यांची बनावटच अशी असते की त्या आकाशात जिथं बघतात त्यापेक्षा बऱ्याच उभ्या दिसतात. त्यामुळं "समोर तर मोकळं आहे की" असं वाटतं, आणि अडथळा असतो वरच्या फांदीचा.)

पावसाचंही तसंच. किरण जितका तिरपा येणार तितका तो पावसातून जास्त अंतर कापणार. ४७ अंशांच्या किरणाला ६६ अंशांच्या किरणापेक्षा पावसातलं अंतर साधारण सव्वापट पडतं. एवढ्यावरून एअरटेल वाईट ठरत नाही, कारण उपग्रहाची ताकद आणि छत्रीचा आकार यांनीही फरक पडतो. आपला जिल्हा तसाही कमी पावसाचा. पण परतीचा पाऊस विजा-वाऱ्यासह येतो तेव्हा संध्याकाळची मॅच नेमकी अडकते. एचडी वाहिन्यांचा सिग्नल दाटीवाटीनं भरलेला असतो, त्यामुळं सिग्नल कमी झाला की जुन्या साध्या वाहिन्यांआधी बहुधा एचडीच चौकोन-चौकोन होऊन थांबतात. अशा वेळी साध्या वाहिनीवर जायचं, हे गल्ल्यावरच्या पोरालाही शिकवून ठेवा.

आणि बालाघाटावरचा वारा. छत्रीचा खांब पत्र्याला नाही, भिंतीला किंवा स्लॅबला बोल्ट मारून बसवून घ्या. छत्री दोन-तीन अंश हलली तरी चित्र जातं, आणि मग सुरू होतो टेक्निशियनचा शोध.

त्याच्याबद्दलही बोलू. तुमच्या तालुक्यात त्या कंपनीचा माणूस राहतो का? पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर अशा ठिकाणी हा प्रश्न पॅकच्या किमतीपेक्षा मोठा आहे. शेजारच्या तीन दुकानदारांना विचारा, "शेवटची तक्रार कधी केली आणि माणूस किती दिवसांनी आला?" जाहिरातीतून ही माहिती मिळत नाही. तिघांनीही एकाच कंपनीचं नाव चांगलं घेतलं आणि तुमच्या गच्चीवरून तिचा उपग्रह दिसतो, तर माझ्या मते निर्णय तिथंच झाला.

एचडी म्हणजे नक्की काय, आणि ते वाया कसं जातं

साध्या वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे चार लाखांच्या थोडं वर. पूर्ण एचडी १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. पाचपट. २४ इंची टीव्ही आणि गिऱ्हाईक दहा फुटांवर, तर हा फरक कुणाला दिसत नाही. सलूनमध्ये छोटा टीव्ही असेल तर एचडीचे पैसे वाचवा, दोन चांगल्या कात्र्या येतील. ४३ इंचाच्या पुढं मात्र साधी वाहिनी पुसट दिसते आणि क्रिकेटचा चेंडू शोधावा लागतो.

आता वाया कसं जातं ते. डबा एचडी, पॅक एचडी, टीव्ही एचडी आणि मधली वायर लाल-पांढरी-पिवळी! त्या वायरीतून एचडी जातच नाही. एचडीएमआय केबल पाहिजे. दुसरी चूक म्हणजे रिमोटवर जुना नंबर दाबायची सवय. एचडी वाहिनीचा नंबर वेगळा असतो. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या साध्या आणि एचडी अशा दोन्ही वाहिन्या आहेत. लोक एचडीचे पैसे भरतात आणि साधी बघतात. तिसरं, तुमच्या यादीत एकाच वाहिनीच्या दोन्ही आवृत्त्या बसल्यात का ते ॲपमध्ये तपासा. बसल्या असतील तर साधी काढून टाका.

दोन टीव्ही एका डब्यावर चालवायचे असतील, एक आत आणि एक बाहेर अंगणात, तर एचडीएमआय स्प्लिटर मिळतो. दोन्हीवर एकच वाहिनी दिसेल. लांबची केबल स्वस्तातली घेतली तर चित्र लुकलुकतं, तिथं चार पैसे जास्त घाला. दोन टीव्हीचं कंपनीला आधी सांगा, कारण व्यावसायिक जोडणीत टीव्ही किती हे विचारलं जातं.

लॉजवाल्यांचं गणित निराळं. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला येणारे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात पेशंटसोबत आलेले नातेवाईक, यांना खोलीत आपापली वाहिनी लागते. म्हणजे खोलीला एक डबा. छत्री मात्र खोलीला एक लागत नाही. एका छत्रीवर चार तोंडांचा एलएनबी किंवा मल्टिस्विच लावून अनेक डब्यांना वायर देता येते. दहा छत्र्यांची गच्ची दिसली की समजा, मालकाला कुणी हे सांगितलं नव्हतं.

दर कसा वाचायचा

२०१९ च्या फेब्रुवारीपासून बिलात दोन भाग झाले. एक नेटवर्क शुल्क, म्हणजे नुसतं जोडलेलं राहायचे पैसे. दुसरा वाहिन्यांचे पैसे. वर १८ टक्के जीएसटी. सुरुवातीला नेटवर्क शुल्काला १३० रुपयांची मर्यादा होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ती उठवली. आता कंपनी भागानुसार वेगळं शुल्क लावू शकते, फक्त ते जाहीर करावं लागतं. त्याच वेळी वाहिन्यांच्या पॅकवर कंपनीला देता येणारी सूट १५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांपर्यंत वाढली. म्हणून पुण्यातल्या मेहुण्यानं सांगितलेला दर केजमध्ये लागेलच असं नाही. आणि म्हणूनच घासाघीस करायला आज जागा आहे. ग्राहकही कमी होतायत: पैसे भरणारे डीटीएच ग्राहक २०२० च्या अखेरीस सात कोटींच्या आसपास होते, मार्च २०२५ मध्ये ते पावणेसहा कोटींच्या खाली आले. "विचार करून सांगतो" म्हणून फोन ठेवलात तर पुन्हा फोन येतो.

वर्षाचं एकदम भरलं की महिना-दीड महिना फुकट, ही ऑफर शहरात ठीक असेल. आपल्या जिल्ह्यात जरा थांबा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, गावंच्या गावं अर्धी होतात. गावातल्या सलूनचं, टपरीचं गिऱ्हाईक त्या चार-पाच महिन्यांत निम्म्यावर येऊ शकतं. कारखाने बंद व्हायला लागतात मार्च-एप्रिलमध्ये, माणसं परततात, आणि आयपीएलही मार्चच्या शेवटी सुरू होतं. म्हणजे टीव्हीवर कमवायचा काळ ठरलेला आहे. क्रीडा वाहिन्या त्या दोन-अडीच महिन्यांपुरत्या जोडा, बाकी वेळ मराठी वाहिन्यांचा छोटा पॅक ठेवा. काही काळ जोडणी तात्पुरती बंद ठेवण्याची सोयही नियमात आहे. किमान किती दिवस, पुन्हा सुरू करायला किती पैसे, हे आधी विचारून घ्या. हायवेवरच्या धाब्याला हे लागू नाही. धुळे-सोलापूर रस्त्यावर ट्रक बारा महिने चालतात.

एक आकडेमोड स्वतः करा. समजा धंद्याचा पॅक महिन्याला १,२०० रुपयांना पडला. दिवसाला ४० रुपये. एका चहामागं ४ रुपये सुटत असतील तर टीव्हीमुळं रोज दहा चहा जास्त जायला पाहिजेत, तेव्हा कुठं बरोबरी. आता दुसरी बाजू. वीस षटकांची मॅच साडेतीन तास चालते. टीव्ही बघायला आलेला माणूस एक चहा घेऊन साडेतीन तास खुर्ची अडवणार असेल आणि जेवायला आलेला उभ्या उभ्या परत जाणार असेल, तर टीव्हीनं धंदा वाढवला की घटवला? आठ टेबलांच्या खानावळीत मी टीव्ही जेवणाच्या हॉलमध्ये लावणारच नाही. पान-चहाच्या काउंटरसमोर बाहेर लावीन, जिथं लोक उभं राहून बघतात आणि खिशात हात घालतात.

फ्री डिशचंही बघून घ्या. दूरदर्शनची ही सेवा २००४ पासून आहे. डबा आणि छत्री एकदा विकत घ्यायची, महिन्याला रुपया नाही. डीडी सह्याद्री आहे, बातम्या आहेत, सिनेमे आहेत. खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळं वाहिन्या बदलत राहतात. एचडी मात्र दूरदर्शनच्या मोजक्या वाहिन्यांपुरतं. क्रिकेटचं असं आहे की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण २००७ च्या कायद्यानुसार प्रसार भारतीला द्यावं लागतं. ते फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. म्हणून भारताचे काही सामने फ्री डिशवर फुकट दिसतात आणि महागड्या डब्यावर त्याच वेळी डीडीची वाहिनी दुसरंच काही दाखवते. आयपीएल त्या यादीत नाही. वेटिंग रूमला, किराणा दुकानाला फ्री डिश भरपूर झाली.

डी-टू-एच ही मूळची व्हिडिओकॉनची, म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या संभाजीनगरच्या उद्योगाची. २०१८ मध्ये ती डिश टीव्हीत विलीन झाली. मालक एक असला तरी उपग्रह दोन आहेत. डी-टू-एचची छत्री तशीच ठेवून डिश टीव्हीचा डबा लावला तर काही दिसणार नाही, छत्री फिरवावी लागते. जुना डबा घेऊन कंपनी बदलता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. सेकंडहँड डबा स्वस्त मिळतोय म्हणून घ्यायचा असेल तर त्याची जोडणी कुणाच्या नावावर आहे आणि ती बदलून मिळेल का, हे आधी पक्कं करा.

रेकॉर्डिंग: कुणाला लागतं?

दोन प्रकार असतात. काही डब्यांत आतच हार्ड डिस्क असते. टाटा स्कायनं २००८ मध्ये आणलेला प्लसचा डबा त्यातला. दुसऱ्या प्रकारात डब्याला मागं यूएसबीचं तोंड असतं, तिथं आपली डिस्क लावायची. डिश टीव्ही आणि डी-टू-एचच्या एचडी डब्यांत ही दुसरी पद्धत रुळलेली आहे. पण मॉडेल बदलत राहतात. म्हणून "कंपनीत रेकॉर्डिंग आहे का" असं न विचारता "मला देताय त्या डब्यात आहे का, आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का" असं विचारा. दुकानातच लावून दाखवायला सांगा.

एचडीचा एक तास साधारण अडीच ते तीन जीबी खातो. वीस षटकांची मॅच नऊ ते साडेदहा जीबी. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन बसलात तर एका मॅचमध्ये संपला. डिस्क लावली की डबा ती स्वतःच्या पद्धतीनं फॉरमॅट करतो. लग्नाचे फोटो असलेली डिस्क लावू नका, सगळं जाईल. आणि झालेलं रेकॉर्डिंग त्याच डब्यावर चालतं, लॅपटॉपला लावलं तर उघडत नाही. एकाच ट्यूनरचा डबा असेल तर एक वाहिनी रेकॉर्ड होत असताना दुसरी बघायला मर्यादा येते.

टायमर लावला आणि लाईट गेली तर रेकॉर्डिंगही गेलं. डबा १२ व्होल्टवर चालतो आणि वीज थोडीच खातो, त्याला इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. टीव्ही बंद राहिला तरी रेकॉर्डिंग होतं, डबा चालू पाहिजे.

पण धंद्यासाठी याचा उपयोग किती? कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करायला सूट आहे. रेकॉर्ड केलेला सिनेमा किंवा मॅच रात्री हॉटेलात गिऱ्हाइकांना लावणं हा खासगी वापर नाही. कोचिंग क्लासवाल्यांनी शैक्षणिक कार्यक्रम रेकॉर्ड करून फी घेऊन दाखवणंही नाही. तसं बघितलं तर अभ्यासिका चालवणाऱ्यांना त्याची गरजच नाही. स्वयंप्रभा आणि पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या उपग्रहावरून मोफत येतात आणि त्यातलं बरंच साहित्य इंटरनेटवरही आहे. म्हणून रेकॉर्डिंगचा डबा घरी ठेवा. दिवसभर दुकानात उभं राहणारा माणूस रात्री दहाला घरी येऊन आपली मालिका बघेल, तेवढ्यासाठी तो छान आहे. दुकानासाठी त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका.

इंटरनेटवरून का नाही, असंही काहींनी विचारलंय. तालुक्याच्या गावात फायबर चांगलं असेल तर चालेल, पण वैयक्तिक वापराचं सबस्क्रिप्शन हॉटेलात लावलं की परत तोच कराराचा प्रश्न. शिवाय इंटरनेटवरची मॅच छत्रीच्या मागं असते. शेजारच्या टपरीवर आरडाओरडा होतो आणि तुमच्याकडं बॉलर अजून धावतच असतो. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी टपरीवर जाऊन बसतं.

या आठवड्यात गच्चीवर जा, मोबाईलमधलं होकायंत्र उघडा आणि आग्नेयेला काय काय उभं आहे ते बघा. दुपारी बारा-एकच्या उन्हात नको, मोबाईल तापतो. मग तालुका, धंदा, टीव्हीचा आकार आणि गच्चीवरून काय दिसलं ते कमेंटमध्ये लिहा. लॉजच्या दहा खोल्यांना एका छत्रीवरून वायर कशी टाकायची, त्यावर पुढचा व्हिडिओ करतोय.